मुसळ गेले, फुगडीही गेली

स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहावे? परंतु तीन वर्षांपूर्वी मंडळाची सहल वर्धा-सेवाग्रामला गेली, तेव्हापासून एक विषय माझ्या डोक्यात घोळत आहे. मगन संग्रहालयात जुनी जाती, चरखे, अवजारे पाहताना आपल्यातील दोघीतिघी म्हणाल्या, "ही तर आमच्या आजीच्या घरची!" घरात होते तेव्हा अडगळ, आणि तेथे तिकीट काढून पाहावयाचे. आपल्या कुहीच्या घराघरातून उखळ-मुसळ गेले, त्याच्याबरोबर आणखी काय गेले, आणि त्यातले परत आणण्याजोगे काय आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपला मुलूख धानाचा. माझ्या आजीच्या तरुणपणी घरचे धान घरीच सडले जाई. अंगणात उखळ पुरलेले असे. एका उखळावर समोरासमोर दोघी उभ्या राहावयाच्या व आळीपाळीने मुसळ घालावयाच्या. एकीचे खाली गेले की दुसरीचे वर. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळे. पहिल्या सडीत तूस निघे. ते पाखडून पुन्हा सडले की थोडा कोंडा सुटे. रोजच्या भाताला एवढेच पुरे. तो तांदूळ तांबूस दिसे, शिजावयास वेळ घेई, पण त्याला गोडी असे. पांढरास्वच्छ होईपर्यंत सडलेला तांदूळ सणासुदीचा, नाही तर जावई आल्यावरचा. कणीची पेज होई, कोंडा गाईला जाई. ताटात भाताबरोबर वरण, जवसाची चटणी, आणि पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, चिवळ अशी बांधावरची भाजी असे.

हे ऐकून कोणी असे समजू नये की आजीला कांडणाची हौस होती. पहाटे जाते, दुपारी मुसळ, मधल्या वेळात विहिरीचे पाणी. पोटुशी असो की ओली बाळंतीण असो, कांडण काही चुकत नसे. "मुसळानं माझे खांदे खाल्ले," असे ती म्हातारपणीही म्हणे. गिरणी निघाली तेव्हा धानाचे गाठोडे डोक्यावर घेऊन जाणाऱ्यांत ती पहिली होती, आणि मला तिचे मुळीच चुकले असे वाटत नाही. जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्या पुरुषांनी एकदा तासभर मुसळ घालून पाहावे.

पण गिरणीने श्रमाबरोबर कोंडाही नेला. त्या कोंड्यात काय होते, हे जगाला कोंबड्यांमुळे कळले. जावा बेटावर १८९० च्या सुमारास आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होता. या रोगात पायांतले बळ जाते, अंगावर सूज येते, हृदय थकते. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना तशीच व्याधी झाली आणि काही दिवसांनी आपोआप बरीही झाली. चौकशी करता असे निघाले की मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घालत असत. पुढे नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्करी भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले, म्हणून त्यांना पुन्हा जाडाभरडा तांदूळ मिळू लागला. एका स्वयंपाक्याच्या चिक्कूपणातून केवढे ज्ञान निघाले! तांदळाच्या वरच्या पापुद्र्यात आज ज्याला आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतो ते असते, हे पुढे सिद्ध झाले. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातही १९२० नंतरच्या वर्षांत दक्षिणेतील कुन्नूर येथे मॅककॅरिसन या डॉक्टरांनी असाच प्रयोग केला. उंदरांचे निरनिराळे गट करून एकाला शिखांचे जेवण, एकाला पठाणांचे, एकाला मराठ्यांचे, एकाला बंगाल्यांचे, एकाला मद्रासकडचे असे घातले. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, हिरवी भाजी खाणारे शिखांकडचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. पांढऱ्या तांदळावर राहणारे मद्रासकडचे शेवटी राहिले. मराठ्यांचा क्रमांक तिसरा लागला, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. हीच संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

आता आपल्या जवळचे पाहू. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत त्याचे काम चाले, तीच मगनवाडी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस. तेलाचा घाणा, गूळ, हातकागद यांच्याबरोबर हातसडीचा तांदूळ हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. तूस काढावे, कोंडा राहू द्यावा, असा त्यांचा आग्रह असे. गांधीजींनी तेथे स्वतःवर व आश्रमवासीयांवर आहाराचे प्रयोग केले. सोयाबीन शिजवून पाहिले, कच्चा पाला खाऊन पाहिला, आणि पाहुण्यांच्या ताटात कडुनिंबाची चटणी वाढली. पाहुण्यांच्या तोंडाची मला कल्पना करता येते! पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदीवासात असताना त्यांनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले, त्यातही हा विचार आहे. स्वराज्य आल्यावर १९५८ साली भात-गिरण्यांना परवाना लागू करणारा कायदा झाला. त्यामागे हातसडीच्या धंद्याला संरक्षण देण्याचा हेतू होता. परंतु कायद्याने मुसळ टिकत नाही. ज्या बाईचे खांदे दुखतात ती गिरणीतच जाणार.

मला वाटते मगनवाडीच्या थोर माणसांचे एक पाहावयाचे राहिले. तांदूळ चांगला की वाईट याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. तो सडणारीला त्यात सुख किती, याचा कमी केला. श्रम निराळे आणि खेळ निराळा. अंग दोन्हींत हलते, पण मन एकातच हलते.

आपल्याकडे खेळ नव्हते असे नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून भुलाबाई बसावयाची ती कोजागिरीपर्यंत. घरोघरी पोरी जमावयाच्या, टिपऱ्या वाजावयाच्या, गाणी व्हावयाची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखावयाची. फुटाणे, मुरमुरे, खोबरे, काकडी, भिजवलेली डाळ, रोज निराळे काही. खेळ आणि खाणे एकाच अंगणात, आणि पोरींनी पोरींसाठी केलेले. नागपंचमीला, महालक्ष्म्यांना फुगडी, झिम्मा. फुगडीत हातांची अढी घालून, पाय जुळवून, अंग मागे झोकून द्यावे लागते; दहा मिनिटांत घाम फुटतो, आणि गाणे म्हणावयाचे म्हणून श्वासही लांब होतो. लग्न झालेल्या बाईलासुद्धा त्या दिवशी मोकळीक असे.

व्यायामाच्या इतिहासात १९३६ हे साल आपल्या विदर्भाचे म्हटले पाहिजे. एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. तेथे रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचे फिरणे असे. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि आपल्या हुतूतूसह देशी खेळ त्याने परदेशी लोकांना दाखविले. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली ही व्यायामशाळा. आणि त्याच वर्षीच्या विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती सुरू केली. विधवा, संसारी बाई, आणि मुलींना मैदानावर कवाईत व लाठी शिकवू लागली. त्यांची मते कोणाला पटोत वा न पटोत, पण त्या काळी बायकांनी कंबर कसून मैदानात उतरावयाचे, ही लहान गोष्ट नव्हती.

आणि आज आपण कोठे आहोत? तांदूळ राईस मिलमधून पांढराफेक येतो. पाणी नळाला. पीठ गिरणीत. पुष्कळजणी मिरचीच्या सातऱ्यावर जातात. दिवसभर बसून देठ खुडावयाचे, हात आग होईपर्यंत चालतो आणि पाय मुडपलेले. संध्याकाळी स्वयंपाक, नंतर मालिका. थकवा पूर्वीइतकाच, पण अंग हललेले नाही. जेवावयास आपण शेवटी बसतो. तोवर भाजी संपलेली. मग उरलेला भात, त्यावर वरणाचे पाणी. भात टाकवत नाही म्हणून दोन घास जास्तच.

मला चार वर्षांपूर्वी तपासणीत साखर निघाली. "भात बंद करा," असे सांगण्यात आले. धानाच्या गावात बाईला भात बंद करा म्हणजे काय, हे सांगणाऱ्याने पाहिले नव्हते. दोन महिने मी चोरून भात खाल्ला आणि रडले. मग एका शहाण्या परिचारिकेने समजावले की भात ताटाच्या पावभाग ठेवा, अर्ध्यात भाजी, बाकीच्यात डाळ-उसळ. आणि जेवणानंतर बसू नका, कारण हलणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल असे हालणे हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणखी एक गंमत पाहा. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केले की सरकारी योजनांतला तांदूळ पोषणयुक्त करून देणार, आणि मार्च २०२४ पर्यंत तो रेशनवर पोचला. त्यात लोह, फॉलिक ॲसिड व ब-१२ घातलेले दाणे मिसळलेले होते. देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी, असे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आढळले होते. आधी कोंड्याबरोबर सत्त्व काढून टाकावयाचे, मग कारखान्यातून दुसरे घालावयाचे! आणि आम्ही काय केले? ते दाणे निराळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून कोंबड्यांना टाकले. मीही टाकले. जाव्यातल्या कोंबड्यांची गोष्ट वाचल्यावर मला माझेच हसू आले.

गेल्या वर्षी आम्ही दहाजणी मिलवाल्याकडे गेलो व धान एकदाच काढून दे, पॉलिश करू नको म्हटले. तो हसला. एकदोन पायल्यांसाठी यंत्र बदलता येत नाही, म्हणाला. तेव्हा दहा घरांचे मिळून आठ कट्टे नेले, मग दिले. या तांदळाची रीत सांगून ठेवते: शिजविण्यापूर्वी तासभर भिजवावा, पाणी थोडे जास्त घालावे, आणि कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो, कीडही लवकर लागते, म्हणून महिन्यापुरताच काढून आणावा. घरच्यांनी आठवडाभर तोंडे वाकडी केली. आमच्याकडे अजून सण असला की पांढराच शिजतो. माझी गोळीही सुटलेली नाही. तपासणीतला आकडा मात्र उतरला आहे.

फुगडीचे श्रेय चिटणीसबाईंचे. बुधवारी आणि शनिवारी भजन झाल्यावर शाळेमागच्या मैदानात अर्धा तास आपण जमतो. पहिल्या दिवशी सातजणी होतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्या कडेने फिरतात व टाळ्यांचा ताल धरतात. एकीच्या सासूबाई तिला हाताला धरून न्यावयास आल्या होत्या. या वयात शोभते काय, म्हणाल्या. मग थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या. त्यांच्या वयाला बसफुगडी झेपणार नाही असे आम्ही म्हणत होतो, तो त्यांनी पदर खोचला आणि माझेच हात धरले. तीन फेऱ्यांत मी दमले, त्या दमल्या नाहीत. यंदाच्या कोजागिरीला खिरापत त्यांच्या घरची आहे, आणि डब्यात काय आहे ते त्या कोणालाच सांगत नाहीत.