अमळनेरचा एक शेअर आणि ‘पुढे काय?’ हा प्रश्न

१/ जळगाव आणि धुळे यांच्या दरम्यान, बोरी नदीच्या काठी अमळनेर वसले आहे. वारकऱ्यांसाठी हे सखाराम महाराजांचे गाव, तर वाचकांसाठी साने गुरुजींच्या शाळेचे गाव. या गावाची तिसरी ओळख मात्र लोखंडी कपाटांत जपलेल्या कागदांची आहे. आजचा धागा त्या कागदांविषयी.

२/ नव्या कंपनीत नोकरी करावी, तिचे समभाग मिळवावेत, त्या पैशातून दुसऱ्यांच्या उद्योगांना भांडवल द्यावे, हा मार्ग आज बेंगळुरू-पुण्याचा समजला जातो. अशा भांडवलदात्याला ‘एंजल इन्व्हेस्टर’ म्हणतात. हा शब्द न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरून आला. नाटक रंगमंचावर येण्याआधी त्यावर पैसा लावणाऱ्याला तिथे ‘एंजल’ म्हणत.

३/ आता १९४५ सालाकडे वळू. मुंबईचे व्यापारी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर रोजी एक कंपनी नोंदवली आणि तिचा कारखाना अमळनेरला उभारला. नाव ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’. उत्पादने होती ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण. खानदेशात तेलबिया पिकत होत्या आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग गावातूनच जात होता.

४/ १९४६ मध्ये कंपनीने लोकांकडून भांडवल घेतले. पुढच्या काळात अमळनेर परिसरातील व्यापारी, शेतकरी आणि कामगारांच्या घरांत हे शंभर रुपये दर्शनी किमतीचे समभाग पोहोचले. काटेकोर अर्थाने हे लोक ‘एंजल’ नव्हेत, कारण कंपनी सार्वजनिक होती. तरीही वनस्पती तुपाच्या लहानशा कारखान्यावर घरची शिल्लक लावणे हे धाडसच होते.

५/ ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी यांचे अकस्मात निधन झाले. स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकणारा त्यांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट ठेवून परतला. वय २१. भागधारकांच्या सभेत एकाने उठून त्याला सुनावले की, आपले समभाग विकून कारभार एखाद्या अनुभवी माणसाच्या हाती सोपवावा. हा प्रसंग अझीम प्रेमजींनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितला आहे.

६/ त्या भागधारकाला हसण्याचे कारण नाही. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळे काय बोललो असतो? इतिहास वाचताना शेवट आपल्याला ठाऊक असतो. त्या सभेत बसलेल्या कोणालाही तो ठाऊक नव्हता.

७/ १९७७ मध्ये कंपनीच्या नावात ‘विप्रो’ हा शब्द आला. त्याच सुमारास आयबीएम भारतातून बाहेर पडली आणि संगणकाच्या बाजारात पोकळी निर्माण झाली. तूप-साबणाच्या या कंपनीने तिथे पाऊल टाकले. अमळनेरच्या भागधारकाने मात्र पैसा लावला होता तो तुपावर. संगणकावर पैज लावण्याचा विचार त्याच्या मनातही नव्हता.

८/ आता थोडे गणित. १९८० मध्ये कोणाकडे शंभर रुपयांचा एक शेअर होता असे धरा. १९८१ आणि १९८५ मध्ये एकास एक बोनस मिळून त्याचे ४ झाले. १९८६ मध्ये विभाजनाने ४०. १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ अशी चार वेळा दुप्पट होऊन ६४०. १९९७ मध्ये एकास दोन बोनस, म्हणजे १,९२०. १९९९ मध्ये पुन्हा विभाजन आणि संख्या ९,६००.

९/ पुढे २००४ मध्ये २८,८००, २००५ मध्ये ५७,६००, २०१० मध्ये ९६,०००, २०१७ मध्ये १,९२,००० आणि २०१९ मध्ये २,५६,०००. पण एक खुलासा आवश्यक आहे. भाकरीचे तुकडे वाढवल्याने भाकरी वाढत नाही. बोनस आणि विभाजनाने केवळ संख्या वाढते. संपत्ती वाढली ती धंदा वाढल्यामुळे, आणि ती मिळाली कागद न विकणाऱ्यांना.

१०/ ‘धीर धरला म्हणून श्रीमंत झाले’ असा निष्कर्ष काढण्याआधी याच गावातील दुसरा कारखाना पाहा. श्रीमंत प्रतापशेठ यांची कापड गिरणी हा कित्येक दशके अमळनेरचा मोठा आधार होता. त्या गिरणीवरही माणसांनी विश्वास ठेवला, आयुष्ये वेचली. आज तिचा भोंगा वाजत नाही. एकाच गावातील एका कारखान्यावरची निष्ठा फळली, दुसऱ्यावरची विरली. धीर दोन्हीकडे होता.

११/ आणखी एक गोष्ट नोंदींत सापडत नाही. लेकीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा कोरड्या वर्षात ज्यांनी आपला शेअर विकला, त्यांच्यावर कोणी बातमी लिहीत नाही. त्यांचा निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. न विकता थांबणे हीदेखील एक चैन असते. ती प्रत्येक घराला परवडत नाही.

१२/ आता नोकरदाराकडे येऊ. १९८४ मध्ये विप्रोने कर्मचाऱ्यांना समभाग देण्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन केली. पगारदार माणूस मालकीत वाटेकरी होऊ शकतो, ही कल्पना त्या काळी भारतात दुर्मीळ होती. याच वर्षी अशोक सूटा विप्रोच्या संगणक व्यवसायाचे प्रमुख झाले. १९९९ मध्ये ते बाहेर पडले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी ‘माइंडट्री’ उभी केली. २०११ मध्ये ‘हॅपिएस्ट माइंड्स’.

१३/ त्यानंतर काय? २०२१ मध्ये सूटा यांनी वार्धक्य आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरील संशोधनासाठी ‘स्कॅन’ ही संस्था काढली. माइंडट्रीच्या संस्थापकांतील सुब्रतो बागची आणि एन. एस. पार्थसारथी हेही पूर्वी विप्रोत होते. या दोन दांपत्यांनी २०२२ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला रुग्णालयासाठी ४२५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. नोकरी, मालकी, आणि मग समाजाच्या कामात गुंतवणूक, असा हा क्रम.

१४/ खुद्द अझीम प्रेमजींनी मार्च २०१९ मध्ये विप्रोतील आणखी ३४ टक्के समभागांचे उत्पन्न आपल्या शैक्षणिक प्रतिष्ठानाच्या नावे केले. प्रतिष्ठानाकडे वळवलेली एकूण संपत्ती तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये होती. त्याच वर्षी जुलैत ते कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त झाले.

१५/ ‘पुढे काय?’ हा प्रश्न अमळनेरला मात्र नवा नव्हता. विप्रोच्या जन्माआधी २९ वर्षे, १९१६ मध्ये, प्रतापशेठ यांनी शेठ वल्लभदास यांच्यासह याच गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कापड विकून मिळालेला पैसा त्यांनी वेदान्ताच्या अभ्यासात घातला. परतावा शून्य, असे कोणताही हिशेबनीस म्हणाला असता.

१६/ पण तो परतावा पाहा. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्ववेत्ते बंगालमधून येथे आले. याच मंदिराच्या ओढीने पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण अमळनेरला आला आणि १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक म्हणून रमला. १९४५ मध्ये, म्हणजे प्रेमजींची कंपनी नोंदली गेली त्याच वर्षी, गावात प्रताप महाविद्यालय सुरू झाले.

१७/ गिरणी थांबली. महाविद्यालय चालू आहे, तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे. प्रतापशेठ यांच्या गुंतवणुकींपैकी जी टिकली, तिच्यात नफ्याची अपेक्षाच नव्हती.

१८/ आपल्यापैकी अनेकांच्या हाती उद्या पगारासोबत समभाग येतील. ते कधी विकावेत, याचे उत्तर इतिहास देत नाही. धीर आणि दैव यांचे प्रमाण त्यालाही मोजता आलेले नाही. पैसा आल्यावर तो कुठे पेरावा, याची दोन उदाहरणे मात्र अमळनेरने शंभर वर्षांच्या अंतराने दिली आहेत. कधी सुरत-भुसावळ मार्गावरून गेलात तर त्या स्थानकावर उतरा. तूप-साबणाच्या कारखान्याचे गावही पाहा आणि तत्त्वज्ञानाचे मंदिरही.

तुमच्या गावात अशी एखादी गिरणी, पेढी किंवा शाळा असेल, तर ती कोणाच्या पैशातून उभी राहिली हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि येथे लिहा. धागा समाप्त.