दहावा हिस्सा

घंटा सुरू झाल्या की बोलायच्या फंदात पडू नका. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. साल ११५५, हिवाळा सरत आलाय, आणि तुम्ही जेरुसलेममध्ये पवित्र कबरीच्या चर्चसमोरच्या फरसबंद चौकात उभे आहात. अंगावर जाड लोकरीचा झगा, काखेत लेखनाची पेटी. पॅट्रिआर्कच्या, म्हणजे जेरुसलेमच्या मुख्य धर्मगुरूच्या, दफ्तरातला धाकटा कारकून, एवढीच तुमची ओळख. तेवढी पुरते, कारण कारकुनाकडे कोणी बघत नाही आणि त्याला कुठेही जाता येतं.

समोर चर्चचा जोडदरवाजा आहे. एकविसाव्या शतकात त्यातला उजवा चिणलेला दिसतो, आज दोन्ही उघडे आहेत. १५ जुलै ११४९ ला, फ्रँकांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी, शहर जिंकल्याच्या पन्नासाव्या वर्षदिनी, या नव्या वास्तूचा समर्पणविधी पॅट्रिआर्क फुल्चर यांनी केला. तेच फुल्चर आता आत, जिथे क्रूस उभा होता असं मानतात त्या कॅल्व्हरीपाशी, लोकांशी बोलायला उभे राहिलेत. ओठ हलताना दिसतात, पण शब्द पोचत नाहीत. चौकाच्या दक्षिणेला खेटून सेंट जॉनचं हॉस्पिटल, म्हणजे हॉस्पिटलर या धर्मबंधूंच्या संघाचं ठाणं, आहे आणि त्याच्या घंटा बडवल्या जातायत. पॅट्रिआर्क बोलायला उभे राहिले की हे असंच सुरू होतं.

आत जा आणि कॅल्व्हरीपाशी मान वर करा. दोरीने बांधलेली बाणांची एक जुडी तिथे टांगलीय. हॉस्पिटलचे बंधू हत्यारं घेऊन चर्चमध्ये घुसले आणि त्यांनी हे बाण सोडले, असं पॅट्रिआर्कची माणसं सांगतात. बाण वेचून मुद्दाम इथे लावलेत, यात्रेकरूंनी बघावेत म्हणून. पुढे टायरचा आर्चबिशप झालेला विल्यम ही सगळी हकिकत लिहून ठेवेल आणि जुडी आपण स्वतः पाहिली असंही नोंदवेल. पण विल्यम बिशपांच्या गोटातला आहे आणि या भांडणाचा सविस्तर वृत्तांत आपल्याला त्याच्याच लेखणीतून मिळतो. तेव्हा आयते इथे आलाच आहात, तर दुसरी बाजूही बघून घ्या.

त्याआधी भांडण कशाचं ते समजून घ्यायला चर्चच्या कोठावळ्याला गाठा. धान्याच्या कोठारात तो हिशेबाच्या वह्यांत डोकं घालून बसलेला असतो. विचारलंत तर तो वैतागूनच सांगेल. एखादं गाव घ्या. कसणारे मुसलमान, नाहीतर सुरियानी ख्रिस्ती. ते आपल्या फ्रँक सरदाराला पिकातला वाटा देतात. रोमच्या चर्चचा दशमांश त्या कुळांकडून येत नाही, तो सरदाराच्या उत्पन्नातून निघतो. सरदार म्हातारा होतो, आत्म्याला शांती मिळावी म्हणून गाव हॉस्पिटलला दान देतो आणि डोळे मिटतो. पुढच्या सुगीला चर्चचा माणूस जातो आणि हात हलवत परत येतो. खळं तेच, गहू तोच, फक्त मालक बदललेला. हॉस्पिटलकडे पोपची सनद आहे: दशमांश देणे नाही.

त्याच्या वहीतली जुनी पानं चाळा. १६ जानेवारी ११२० ला नाबलूसच्या सभेत राजा बाल्डविन दुसरा याने दशमांश आपण अडकवून ठेवल्याची कबुली दिली, क्षमा मागितली आणि जेरुसलेम, नाबलूस आणि आक्रा इथल्या आपल्या उत्पन्नावरचा हक्क चर्चला परत केला. सरदारांनीही तेच केलं. राजाकडून सोडवून घेतलेली गोष्ट पस्तीस वर्षांत गाव-गाव करून हातातून निसटतेय, आणि नेणारे परके नाहीत, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे आहेत. या पैशातून खर्चही बरेच भागवायचे असतात. तेराव्या शतकात इबेलिनच्या जॉनने लिहून ठेवलेल्या यादीनुसार राज्यावर संकट आलं की एकट्या पॅट्रिआर्कने ५०० पायदळ शिपाई पुरवायचे असतात. कबरीच्या चर्चच्या धर्मगुरूंनी आणखी ५००.

आता चौक ओलांडा. वाटेत बाजारातून तळणाचा वास येईल. यात्रेकरूंना तयार जेवण विकणाऱ्या त्या गल्लीला फ्रँक लोक ‘वाईट आचाऱ्यांची गल्ली’ म्हणतात, त्यामुळे काही न खाता पुढे निघालेलं बरं. हॉस्पिटलच्या दारात मात्र थांबा. कमानींखाली खाटांच्या ओळीच्या ओळी लागल्यात. काही वर्षांनी येणारा वुर्झबर्गचा योहान नावाचा जर्मन यात्रेकरू इथल्या रुग्णांचा आकडा २००० लिहील. बंधू त्यांना अन्न भरवतायत, कपडे देतायत, मेलेल्यांना उचलतायत. शिवाय बाहेर किल्लेही आहेतच: ११३६ मध्ये राजा फुल्कने तेव्हा शत्रूच्या ताब्यात असलेल्या आस्कलोनच्या तोंडावरचा बेथगिबेलिनचा किल्ला यांच्या हवाली केला. इथल्या कुठल्याही बंधूला विचारा, तो म्हणेल की दशमांश गरिबांसाठीच ना? मग गरीब इथे आहेत.

हे उत्तर लबाडीचं नाही आणि ते कागदावरही पक्कं आहे. १५ फेब्रुवारी १११३ ला पोप पास्कल दुसरा याने हॉस्पिटलला आपल्या छत्राखाली घेतलं आणि त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाला दशमांशातून सूट दिली. २१ ऑक्टोबर ११५४ ला पोप अॅनास्टेशियस चौथा याने त्यापुढचं पाऊल टाकलं: बंधूंना स्वतःचे धर्मगुरू ठेवता येतील आणि त्यांच्यावर स्थानिक बिशपचा अंमल चालणार नाही. म्हणजे पॅट्रिआर्कने एखाद्याला बहिष्कृत केलं, तर तो चौक ओलांडून हॉस्पिटलच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकू शकतो. शहरात पूजाबंदी जाहीर झाली, तरी यांच्या घंटा वाजतात. या घंटांनी प्रवचन बुडतं ही एक गोष्ट झाली. जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कचा हुकूम आता त्याच्याच दारासमोर संपतो, हे त्या रोज शहराला ऐकवतायत, ही दुसरी.

गंमत म्हणजे दोनच वर्षांपूर्वी हे दोघे एका बाजूला होते. ११५३ मध्ये आस्कलोनच्या वेढ्यात टेम्पलर या दुसऱ्या लष्करी संघाची एक तुकडी तटाच्या खिंडारात कापली गेली आणि तरुण राजा बाल्डविन तिसरा वेढा उठवायच्या बेतात आला, तेव्हा ‘हटू नका’ असं ठासून सांगणाऱ्यांत फुल्चर होते आणि हॉस्पिटलचे मास्टर रेमंड द्यु पुईही होते. शहर पडलं. लढाईत या दोघांचं जमतं. लढाई संपल्यावर जमिनीचं उत्पन्न कोणाचं, हे ठरवणारा माणूस मात्र राज्यात नाही. तो समुद्रापलीकडे आहे.

पेटी उचला. फुल्चर पोपकडे दाद मागायला निघालेत, आणि वसंतात तुम्हालाही जहाजात बसायचंय.

विल्यम सांगतो की फुल्चर शंभरीला टेकलेले होते. त्यांच्याबरोबर टायरचे आर्चबिशप आणि आक्रा, सिडॉन, लिड्डा, सेबास्ते, टायबेरियस इथले बिशप आहेत. राज्याच्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी अर्धेअधिक एका खटल्यासाठी भूमध्य समुद्र ओलांडतायत. तुम्ही ओत्रांतोला उतरता आणि कळतं की दक्षिण इटली पेटलीय. सिसिलीच्या राजाविरुद्ध बंड आहे, किनाऱ्यावर बायझंटाईन सैन्य आहे, रस्ते बंद. पोप कुठे आहे ते प्रत्येक गावात वेगळं सांगतात. पुन्हा जहाज, अँकोना, मग रोमचा रस्ता. कागदपत्रांना ओल लागते आणि म्हाताऱ्या धर्मगुरूंना चढाव झेपत नाहीत. विल्यमच्या मते पोप मुद्दाम टाळत होता. युद्धाच्या धामधुमीत त्याला एका जागी बसणं शक्य नव्हतं, हेही तितकंच खरं.

अखेर फेरेंतिनोला दरबार सापडतो. अॅनास्टेशियस सनद देऊन महिना-दीड महिन्यातच वारला होता. आता गादीवर एड्रियन चौथा आहे, इंग्लंडमधून आलेला एकमेव पोप. हॉस्पिटलची माणसं आधीच पोचलीत. दिवसच्या दिवस वकिली चालते. कार्डिनलांपैकी दोघेच तुमच्या बाजूने उभे राहतात: ऑक्टेव्हियन आणि सान मार्तिनोचा जॉन. जॉन पूर्वी टायरला फुल्चर यांच्या हाताखाली होता. बाकीच्यांनी लाच खाल्ली, असा विल्यमचा सरळ आरोप आहे. त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण पोपच्या जागी बसून पाहा. हॉस्पिटलला युरोपभर जमिनी मिळतात, तिथला पैसा पॅलेस्टाईनला पोचतो आणि ही संस्था थेट पोपलाच मानते. तिची सूट काढून घेणं म्हणजे पवित्र भूमीला मदत पोचवायची आपलीच नळी कापणं.

निकाल लागत नाही. फुल्चर रिकाम्या हाती परततात आणि नोव्हेंबर ११५७ मध्ये जातात. या माणसाने टायरचा आर्चबिशप असताना जेरुसलेमच्या तत्कालीन पॅट्रिआर्कशी बिनसल्यावर रोमचीच वाट धरली होती, हेही विसरू नका. तेव्हा रोमचा दरवाजा त्यांच्या कामाचा होता. या राज्यात प्रत्येकाला आपल्या वरच्याच्याही वर जाता येतं आणि त्यामुळे घरात कोणाचाच शब्द शेवटचा ठरत नाही. मार्च ११७९ मध्ये तिसरी लॅटरन परिषद भरेल, विल्यम तिथे हजर असेल आणि लष्करी संघांनी बिशपांना डावलून दशमांश आणि चर्चं घेण्यावर तिथे निर्बंध घातले जातील. तोवर फुल्चर यांच्या मृत्यूला दोन दशकं उलटलेली असतील.

इथून थेट मार्च ११८५ मध्ये या. लंडनच्या तटाबाहेर क्लार्कनवेलला, हॉस्पिटलरांच्याच मठात, इंग्लंडचे सरदार आणि बिशप जमलेत. कारकून म्हणून तुम्ही भिंतीलगत उभे राहा. मध्ये जेरुसलेमचे पॅट्रिआर्क हेराक्लियस आहेत आणि सोबत हॉस्पिटलचे मास्टर रॉजे द मुलँ. टेम्पलरांचे मास्टर अर्नाल्डही निघाले होते, पण वाटेत वेरोनाला वारले. ज्यांच्या पूर्वाधिकाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध याच वाटेने जाऊन दाद मागितली, ते दोघे आज एकाच अर्जावर आहेत. मागे जेरुसलेममध्ये राजा बाल्डविन चौथा कुष्ठरोगाने मरणपंथाला लागलाय, वारस लहान पोर आहे आणि सलाउद्दीनच्या ताब्यात इजिप्तपासून सिरियापर्यंतचा मुलूख आलाय.

हेराक्लियसनी पवित्र कबरीच्या आणि दाविदाच्या बुरुजाच्या किल्ल्या आणि राज्याचं निशाण आणलंय. आधी फ्रान्सच्या फिलिपपुढे धरलं, मग रीडिंगला इंग्लंडच्या हेन्री दुसऱ्यापुढे. फेब्रुवारीत त्यांनी लंडनच्या टेम्पल चर्चचा समर्पणविधीही केला. आता उत्तराची घटका आली. सरदारांचा सल्ला ठरलेला आहे: राज्याभिषेकाची शपथ राजाला इथेच बांधून ठेवते, पैसा मात्र देऊ. गेराल्ड ऑफ वेल्सने हा प्रसंग लिहिलाय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पॅट्रिआर्क चिडले. पैसा आम्हाला सगळीकडून येतो, त्यांचं म्हणणं होतं, हवाय तो माणूस. राजाचा एक मुलगा तरी द्या. धाकटा जॉन जायला तयार होता, बापाने नाही म्हटलं.

भिंतीलगत उभं राहून हे ऐकताना हेन्रीचा राग येतो खरा. पण त्या किल्ल्या नीट बघा. जो राजा त्या घेईल त्याला जेरुसलेममध्ये उतरल्यावर काय मिळणार? सर्वांत मजबूत किल्ले ज्यांच्या हातात, ते संघ पोपला बांधील. बिशपांचे हक्क त्यांच्यापुढे अर्धेमुर्धे, आणि सरदारांत दोन तट. दूरवरून मिळालेल्या प्रत्येक मदतीने राज्यात एक नवं ठाणं उभं केलं आणि ते ठाणं मदत देणाऱ्याकडे तोंड करून बसलं. राज्य वाचलं ते त्यामुळेच आणि पोकळ झालं तेही त्यामुळेच. अशा घराची मालकी घ्यायला सुखी राजा कशाला येईल?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ४ जुलै ११८७ ला हत्तीनला सलाउद्दीनपुढे राज्याचं सैन्य संपलं. रॉजे द मुलँ त्याआधीच मे महिन्यात पडले होते. २ ऑक्टोबरला जेरुसलेमने दारं उघडली. पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५, अशी खंडणी ठरली. हेन्रीने हॉस्पिटलकडे साठवून ठेवलेल्या पैशातून काही हजार गरिबांची एकत्रित सुटका झाली, उरलेले गुलामीत गेले. राजा आला नाही. त्याचा पैसा मात्र शेवटच्या दिवशी, शहर सोडण्याच्या कामी आला.

मग जानेवारी ११८८ मध्ये हेन्री आणि फिलिप यांनी क्रूस घेतला, म्हणजे धर्मयुद्धाला जाण्याची शपथ घेतली, आणि कर बसला: प्रत्येकाच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा. लोकांनी त्याला सलाउद्दीनचा दशमांश म्हटलं. लढायला जाणाऱ्याला माफी, बाकी धर्मगुरूंनाही सूट नाही. इंग्लंडमध्ये वसुली गावोगावच्या चर्चमध्ये झाली आणि ती कोणासमोर व्हावी हे फर्मानात लिहिलेलं होतं: गावचा धर्मगुरू, राजाची माणसं, एक टेम्पलर आणि एक हॉस्पिटलर. जेरुसलेमच्या खळ्यावरचा दहावा हिस्सा आम्ही देणे लागत नाही असं सांगणाऱ्या संघाचा बंधू आता इंग्रज शेतकऱ्याचा दहावा हिस्सा मोजून घ्यायला बसला होता. जेरुसलेमचं उत्पन्न कोणाचं, हा प्रश्न राज्य हयात असताना कोणाला सोडवता आला नाही. ते बुडाल्यावर त्याचं बिल इंग्लंडमध्ये घरोघरी वाटून देणं सोपं गेलं.