कोकमेल

कोकमेल : (भिरंडेल, मुठेल; लॅ. गार्सिनिया इंडिका, सं. वृक्षाम्ल, क. मुरुगल; कुल क्लुझिएसी). कोकमाच्या, म्हणजे रातांब्याच्या, बियांपासून काढलेला घट्ट, फिकट पिवळसर मेद. नावात तेल असले तरी नेहमीच्या हवेत तो मेणासारखा टणक राहतो. काढल्यावर मुठीत दाबून त्याचे अंडाकृती गोळे करतात, त्यावरून मुठेल हे नाव पडले असावे. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ आणि थंडीत तडकणारी कातडी यांवर कोकणात व गोव्यात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. ओठांची मलमे, त्वचेची क्रीमे व साबण यांतही तो आता पडतो.

नोंदी : गार्सिया द ऑर्ता यांच्या गोव्यात छापलेल्या ग्रंथात (१५६३) भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, उल्लेख आहे, तो फळाचा. वंशाला गार्सिनिया हे नाव मात्र ऑर्तांवरून नव्हे, तर लॉरां गार्सँ या निसर्गअभ्यासकावरून मिळाले. फ्लूकिगर व हॅन्बरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’त (१८७४) या मेदाला स्वतंत्र नोंद आहे.

काढण्याची रीत : एप्रिल-मे महिन्यांत आमसुलासाठी रातांबे फोडले की गरासह बिया मागे राहतात. एका फळात साधारण पाच ते आठ बिया असतात. त्या धुऊन कडक उन्हात वाळवतात, लाकडी मोगरीने ठेचून टरफले पाखडून काढतात आणि मगज उखळात कुटतात. कुटलेला लगदा भरपूर पाण्यात उकळला की मेद वर तरंगतो. टोप रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी वर धरलेला थर काढून, पुन्हा कढवून त्यातले पाणी उडवतात आणि कोमट असतानाच गोळे वळतात. काही घरी लगदा पाण्यात भिजवून ताकासारखा घुसळतात व लोण्यासारखा वर येणारा मेद काढून घेतात. बीच्या वजनाच्या सुमारे २३ ते २६ टक्के मेद तिच्यात असतो; घरगुती रीतीत त्यातला बराचसा चोथ्यातच राहतो. कारखान्यांत घाण्याने किंवा द्रावकाने तो काढून पुढे शुद्ध करतात. त्यामुळे तो पांढरा व जवळजवळ गंधहीन होतो.

घटक व गुण : स्टिअरिक व ओलेइक ही दोन मेदाम्ले मिळून यातला बहुतेक भाग होतो, त्यात स्टिअरिक अधिक. म्हणून तो टणक असतो आणि सहजी खवट होत नाही. साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला तो वितळतो. कोको बटर त्याआधीच, ३५ अंशांच्या आत वितळते. त्वचेच्या पृष्ठभागाची ऊब कोकमेलाला पुरत नाही, म्हणून पळीत वितळवून ते कोमट असतानाच भेगांत भरण्याची जुनी रीत योग्यच आहे.

कोकमेल त्वचेला पाणी देत नाही. असलेले पाणी उडून जाऊ देत नाही. कोरड्या टाचेवर नुसते चोळण्यापेक्षा पाय भिजवून, किंचित ओलसर असतानाच लावल्यास गुण अधिक येतो. पाणी धरून ठेवण्याचे काम ग्लिसरिनसारख्या पदार्थांचे असते, म्हणून क्रीमांत दोन्ही एकत्र घालतात. नुसते कोकमेल फार टणक असल्याने त्यात खोबरेल किंवा तिळाचे तेल मिसळावे लागते. सुरकुत्या जातात किंवा त्वचा उजळते, असे दावे विक्रीच्या मजकुरात आढळतात. येथे ते ग्राह्य धरलेले नाहीत.

इतर उपयोग : कोकमेल स्वयंपाकातही वापरतात. युरोपीय संघाच्या २०००च्या नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटराखेरीज चालणाऱ्या सहा वनस्पतिज मेदांत कोकमाचा समावेश आहे.

लागवड : झाडे नर व मादी वेगळी असतात. रोपापासून वाढवलेले झाड नर की मादी हे फुलोऱ्यापर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, कळत नाही. म्हणून कलमे लावणे इष्ट. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातीस’ हे वाण दिले आहेत. सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. विद्यापीठाच्या या वाणांची निवड मुख्यतः फळ व साल यांवर झाली. बीतील मेदासाठी वेगळा वाण निवडणे कोकणाच्या हिताचे ठरेल.

चोथा : मेद काढून उरलेला चोथा खत म्हणून वापरतात.