अमली पदार्थांच्या खटल्यांतील जामीन

अमली पदार्थांची तस्करी, साठा किंवा विक्री केल्याच्या आरोपावरून अटक झालेल्या व्यक्तीला जामीन द्यायचा की नाही, हे भारतात प्रामुख्याने गुंगीकारक औषधीद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) याच्या कलम ३७ वरून ठरते. या कलमातील कडक अटी १९८९ च्या दुरुस्तीने आल्या. २००१ मध्ये त्यांची व्याप्ती कमी झाली. व्यावसायिक मात्रेचे गुन्हे आणि कलम १९, २४ व २७अ खालील गुन्हे यांनाच त्या आता लागू होतात.

त्यामुळे जामिनाच्या सुनावणीत पहिला प्रश्न वजनाचा असतो. गांजा २० किलो, चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, कोकेन १०० ग्रॅम, मेफेड्रोन (एमडी) ५० ग्रॅम या मर्यादा ओलांडल्या की मात्रा व्यावसायिक ठरते आणि शिक्षा १० ते २० वर्षांची होते. पदार्थात भेसळ असेल तर भेसळीसकट सगळे वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात ठरवले. अशुद्ध माल विकणाऱ्या किरकोळ विक्रेत्याला याचा मोठा फटका बसतो.

कलम ३७ प्रमाणे सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यावी लागते. त्याने विरोध केल्यास, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे आहेत आणि जामिनावर असताना तो गुन्हा करण्याची शक्यता नाही, अशा दोन्ही बाबतींत न्यायाधीशाची खात्री पटावी लागते. खरी अडचण इथे आहे. साक्षीदारांची उलटतपासणी झालेली नसताना, केवळ पंचनामा आणि आरोपपत्र पाहून निर्दोषत्वाविषयी मत बनवायचे, ही अपेक्षा फौजदारी न्यायाचा नेहमीचा क्रमच उलटा करते. दुसऱ्या अटीत तर भविष्याचा अंदाज बांधावा लागतो.

म्हणून बचावाचे वकील झडती, जप्ती आणि नमुने घेण्याच्या पद्धतीतील त्रुटींवर भर देतात. तोफान सिंग खटल्यातील २०२० च्या बहुमताच्या निकालाने त्यांना मोठा आधार मिळाला: कलम ६७ खाली अधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने कलम २७अ मधील ‘वित्तपुरवठा’ याचा अर्थ मर्यादित केला. दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे तस्करीला वित्तपुरवठा नव्हे. मात्र या कायद्याखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असेही त्याच निकालात म्हटले आहे. २०२१ च्या क्रूझ जहाजावरील छाप्याच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने अभिनेते शाहरुख खान यांचे पुत्र आर्यन खान यांचा जामीन अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला जामीन दिला, आणि कटाचा ठोस पुरावा नसल्याचे सविस्तर आदेशात नमूद केले. मे २०२२ च्या आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते. इतक्या तातडीची सुनावणी सामान्य कच्च्या कैद्याच्या वाट्याला क्वचितच येते.

वेळेत आरोपपत्र दाखल न झाल्यास मिळणारा जामीन इथेही हक्काचा आहे. पण व्यावसायिक मात्रेच्या गुन्ह्यांत ही मुदत १८० दिवसांची असून सरकारी वकिलाच्या अहवालावरून न्यायालय ती एक वर्षापर्यंत वाढवू शकते.

उरतो तो खटल्याच्या विलंबाचा मुद्दा. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या खटल्यांतील कच्च्या कैद्यांसाठी एकवेळचा आदेश दिला: किमान १० वर्षांच्या शिक्षेचा आरोप असलेल्याने ५ वर्षे तुरुंगात काढली असतील, तर अटींवर त्याला सोडावे. मोहित अगरवाल खटल्यात (२०२२) मात्र केवळ कोठडीचा काळ जामिनाला पुरेसा नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी मोहम्मद मुस्लिम खटल्यात सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या आरोपीला त्याने जामीन दिला. कलम ३७ चा शब्दशः अर्थ लावला तर जामीन अशक्यच होईल, म्हणून नोंदीवरील पुराव्यावर वरवर नजर टाकून मत बनवावे आणि खटल्याला अवाजवी विलंब झाल्यास हे कलम जामिनाच्या आड येत नाही, अशी भूमिका या निकालाने घेतली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी सुसंगत असलेली हीच वाट आहे.