कातीव भातुकली : सावंतवाडीची लघुकाष्ठकला आणि मुंबई उपनगरांतील घर

प्रस्तावना

महाराष्ट्रातील हस्तकलांच्या इतिहासलेखनात वस्त्र, धातू आणि चित्र यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे कातकामाला मिळालेले नाही. मराठीत लाकूड कातणाऱ्या कारागिराला ‘कातारी’ म्हणत. ‘कातीव’ हे विशेषण आजही रेखीव वस्तूसाठी वापरले जाते. शब्द टिकला, परंतु तो ज्या श्रमातून आला तो श्रम विस्मरणात गेला. सावंतवाडीची लाकडी भातुकली आणि मुंबईच्या उपनगरांतील कोकणी कुटुंबे यांचा संबंध लक्षात घेऊन या श्रमाचे ऐतिहासिक मूल्य तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सावंतवाडी : राजाश्रय आणि बाजार

सावंत-भोसले घराण्याचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले; १९८१ पासून हा भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. येथील लाखकाम आणि गंजिफा या दोन्ही कला चितारी समाजाने जोपासल्या. दशावतारी गंजिफेचा संच दहा रंगांच्या प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पानांचा असतो. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला लोप पावण्याच्या बेतात होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातील कार्यशाळेतून तिला पुन्हा उभे केले.

या पुनरुज्जीवनाचा इतिहास सर्वज्ञात आहे. येथे एक भेद मात्र नोंदवला पाहिजे. गंजिफेला राजवाड्याने वाचविले, भातुकलीला बाजाराने. गंजिफेच्या पानावर देवता असतात, त्यामुळे अभ्यासक व संग्राहक तिच्याकडे वळले. लाकडी लाटण्याकडे असे कोणी वळले नाही. कारागिरांच्या वस्तीचे ‘चितार आळी’ हे नावदेखील रंगकामावरून पडले आहे. रंग चढण्यापूर्वी वस्तूला आकार देणाऱ्या कातकामाचा त्या नावात उल्लेख नाही.

कातकामाचे तंत्र

जुन्या पद्धतीत दोन आधारांमध्ये लाकूड अडकवून दोरीने वा पट्ट्याने ते मागेपुढे फिरवीत. एक जण दोरी ओढी, दुसरा हत्यार धरी. लाकूड आलटून पालटून उलटसुलट फिरत असल्याने हत्याराची धार एकाच दिशेच्या फेऱ्यात लागू शके. परतीच्या फेऱ्यात ती अलगद मागे घ्यावी लागे. विजेच्या यंत्राने फिरणे अखंड केले आणि दोरी ओढणाऱ्याचे काम संपविले.

लाखकामाचा पाया घर्षण हा आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर बसते. नंतर केवड्याचे पान दाबून ती सारखी पसरवितात व चकाकी आणतात. वस्तू लहान असली की काम सोपे होते, हा समज चुकीचा आहे. तेवढ्याच फेऱ्यांत बारीक लाकडाच्या पृष्ठभागाचा वेग कमी पडतो, त्यामुळे लाख वितळण्यास दाब वाढवावा लागतो. आणि दाब वाढताच बोटभर लाटणे वाकते किंवा तुटते. म्हणून लघुवस्तूत कारागिराच्या हाताची खरी परीक्षा असते.

यंत्रावर केवळ गोलाकारच घडतो. उखळ, मुसळ, जात्याच्या तळ्या, लाटणे, भोवरा हे त्याचे स्वाभाविक विषय. पाट आणि विळी यांना सुताराचा हात लागतो. आंबा, केळे यांसारख्या फळांना अखेरीस हातानेच वळण द्यावे लागते. लाकडांत हलका व मऊ पांगारा विशेष पसंतीचा. अशा मऊ लाकडाची उपलब्धता घटणे, हे या व्यवसायापुढील एक मूलभूत संकट आहे.

उपनगरांतील घर

मुंबईची हद्द १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर परिसरापर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. गिरणगावातील चाळींतून अनेक कोकणी कुटुंबे पुढे बोरिवली, भांडुप, मुलुंड येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहावयास गेली. सदनिकेच्या स्वयंपाकघरात जात्याला, उखळाला जागा नव्हती. गिरणी आणि मिक्सर यांनी त्यांची गरजही संपविली. गणेशोत्सवाहून परतणारा चाकरमानी मात्र मुलांसाठी भातुकली आणीत राहिला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर हा प्रवास अधिक सुलभ झाला.

परिणामी एक उलटापालट घडली. पूर्वी मूल घरातील जाते पाहून खेळण्यातले जाते ओळखी. उपनगरांतील मुलाला खेळण्यावरूनच मूळ वस्तूची ओळख होऊ लागली. घरगुती श्रमाच्या, विशेषतः स्त्रियांच्या दैनंदिन कष्टांच्या साधनांची लेखी नोंद फारच थोडी आढळते. त्या दृष्टीने भातुकली हे गृहजीवनाचे एक दप्तरच ठरते. अर्थात ते अपुरे आहे : त्यात जात्याचा आकार आहे, वजन नाही, पहाटेचे दळण आहे, पण दमलेले खांदे नाहीत.

नोंद आणि संरक्षण

उपनगरांतच, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. त्याच्या ‘डी-सोर्स’ उपक्रमात कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांसह अनेक हस्तकलांची सचित्र नोंद झाली आहे. चन्नपट्टणला भौगोलिक मानांकनाचाही आधार लाभला. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र शासनाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला; त्यातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट देण्यात आली. येथे नोंदणीचे महत्त्व स्पष्ट होते : ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्या वाट्याला ही सूट येत नाही.

निष्कर्ष

गंजिफेचा इतिहास एका वृद्ध कलावंताच्या नावाने सांगता येतो; कातकामाचा इतिहास अजून निनावी आहे. उपनगरांतील महाविद्यालयांत कोकणातून आलेल्या कुटुंबांचे विद्यार्थी शिकत आहेत. त्यांच्या घरांतील भातुकलीची वस्तुनिहाय यादी, ती कोठून व केव्हा आणली याची माहिती आणि आजी-आजोबांच्या मौखिक आठवणी एकत्र केल्यास गृहजीवनाचे व कारागिरीचे एक साधन हाती येईल. पांगाऱ्याच्या लागवडीचा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा, बाजाराचा प्रश्न वाणिज्याचा आणि नावाचा प्रश्न इतिहासाचा आहे. या तिन्ही विभागांनी तो एकत्र हाताळला, तरच ‘कातीव’ या शब्दामागचा हात ओळखता येईल.