पंचांगशोधन

पंचांगातील तिथी, नक्षत्र आदी अंगांचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळवून घेण्याची चळवळ. धर्म आणि विज्ञान यांच्यात वैरच असते, किंवा त्यांचा एकमेकांशी संबंधच नसतो, अशी दोन मते सहसा मांडली जातात. महाराष्ट्रातील पंचांगवाद पाहता दोन्ही अपुरी पडतात. एकादशीला उपास करावा हे धर्मशास्त्र सांगते. पण एकादशी कधी लागली ते चंद्र-सूर्यांतील अंतरावरूनच ठरते. हे अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी संपते. म्हणजे धर्माचरणाच्या पोटातच मोजमापाचा एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चुकू शकते.

नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ (शके १४४२, इ. स. १५२०) रचताना निरनिराळ्या सिद्धांतांतून वेधाशी जुळणारी ग्रहमाने निवडली होती. पुढे मात्र शतकानुशतके याच ग्रंथावरून पंचांगे होत राहिली. १८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘नॉटिकल अल्मनॅक’च्या आधारे नवे पंचांग सुरू केले, ते ‘पटवर्धनी’ म्हणून ओळखले गेले. त्यावर परंपरावाद्यांचा आक्षेप ‘बाणवृद्धी, रसक्षय’ या नियमाचा होता. तिथी ६५ घटींहून मोठी वा ५४ घटींहून लहान नसते असे धरूनच श्राद्ध-व्रतांचे निर्णय बसवले आहेत. सूक्ष्म गणितात ती सुमारे ६७ ते ५० घटी होते, मग ते निर्णय कसे लावायचे? अडचण खरी होती. पण या मर्यादा कोणत्याही विधीची आज्ञा नव्हत्या. चंद्राला मुख्यतः एकच संस्कार देणाऱ्या जुन्या गणिताचे ते फलित होते. पौर्णिमा-अमावास्येला हा दोष कमी असल्याने ग्रहणे बरीचशी जुळत आणि अष्टमीच्या सुमारास वाढणारी चूक झाकली जाई.

वेधाने सारेच मिटले, असे मात्र नाही. राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावर छत्रे व लोकमान्य टिळक रेवतीच्या, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे होते. या दोन आरंभबिंदूंत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. त्याने तिथी बदलत नाही. पण संक्रांती सरकते, क्वचित अधिकमास वेगळा येतो आणि त्या वर्षी रेवतीपक्ष मानणाऱ्या टिळक पंचांगाचे काही सण इतर पंचांगांपेक्षा महिनाभर मागेपुढे होतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने नक्षत्रगणनेसाठी चित्रेवर आधारित अयनांश, म्हणजे चित्रापक्षाचाच आरंभबिंदू, घेतला. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, तरी टिळक पंचांग चालूच राहिले.

यावरून विज्ञान इथे निष्प्रभ ठरले असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. चंद्राचे स्थान दुर्बीण ठरवते. शून्य अंश कुठे धरावा हा संकेताचा भाग असल्याने तिथे सहमतीच लागते. याच न्यायाने, तिथीचे गणित अचूक झाले म्हणून मुहूर्ताचे शुभाशुभ सिद्ध होत नाही. पंचांगशोधनात धर्माने विज्ञानाकडून फक्त वेळ घेतली; त्या वेळेच्या पुण्यफलाची हमी विज्ञानाने कधीच दिलेली नाही.