साठ सेकंद : तेल, रबर आणि सिलिकॉन यांचा एक न सांगितलेला इतिहास

१/
तेलाच्या बाटलीला गुंडाळलेले रबरबँड काही दिवसांत फुगते, सैल पडते आणि जरा ताणताच तुटते. हा अनुभव घरोघरी येतो. रबर आणि तेल यांचे पटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु हीच गोष्ट शयनगृहाच्या संदर्भात उघडपणे सांगायला विसाव्या शतकाला फार उशीर झाला, आणि तोवर एक महासाथ येऊन ठेपली होती. हा थ्रेड लैंगिक संबंधांत वापरल्या जाणाऱ्या वंगणाचा, म्हणजे ल्युब्रिकंटचा, आणि त्यातही सिलिकॉनचा इतिहास सांगतो.

२/
शरीराला ओलाव्याची जोड देण्याची कल्पना मुळीच आधुनिक नाही. प्राचीन ग्रीकांच्या घरात ऑलिव्हचे तेल अन्नासाठी, दिव्यासाठी, अंगाला चोळण्यासाठी होते, तसेच ते शय्येसाठीही होते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्राणिविषयक ग्रंथात गर्भधारणा टाळण्यासाठी स्त्रिया देवदाराचे तेल, शिशाचे मलम किंवा ऑलिव्हच्या तेलात कालवलेला धूप लावत असल्याची नोंद आहे.

३/
जपानने वेगळी वाट धरली. एदो काळात (१६०३ ते १८६८) ‘त्सुवासान’ नावाची पूड विकली जाई. ती ‘तोरोरोआओई’ या वनस्पतीच्या मुळापासून बनत असे. ही वनस्पती आपल्या भेंडीच्या अगदी जवळच्या नात्यातली. भेंडी चिरताना सुरीला जो बुळबुळीतपणा लागतो, तसाच गुण या मुळात असतो. पूड ओली केली की वंगण तयार. एकीकडे तेल, दुसरीकडे पाण्यात फुगणारा वनस्पतिजन्य चिकटा : आजच्या दुकानातील दोन प्रमुख प्रकारांची ही जुनी रूपे.

४/
या दोहोंपैकी काय निवडावे, हा प्रश्न तेव्हा सोयीचा होता, सुरक्षिततेचा नव्हता. कारण मध्ये रबर आले नव्हते. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट मिळाले आणि त्यानंतरच्या दशकांत रबरी कंडोम बाजारात आले. १९२० च्या दशकात रबराच्या चिकापासून, म्हणजे लेटेक्सपासून, अधिक पातळ कंडोम बनू लागले.

५/
त्याच एकोणिसाव्या शतकाने खनिज तेलही घरात आणले. रॉबर्ट चेसब्रोने १८७२ मध्ये ‘व्हॅसलीन’चे पेटंट घेतले. भेगाळलेल्या ओठांपासून भाजलेल्या कातडीपर्यंत ते सर्वत्र वापरले जाऊ लागले. ते स्वस्त होते आणि खराबही होत नसे. साहजिकच ते शयनगृहातही पोहोचले. एकाच शतकात जन्मलेल्या या दोन वस्तू, रबरी आवरण आणि खनिज तेल, एकमेकींच्या वैरी निघाल्या.

६/
हे वैर रसायनशास्त्रीय आहे. नैसर्गिक रबर म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्यांचे जाळे. खनिज तेलही कार्बन आणि हायड्रोजनचेच. समान स्वभावाचे रेणू एकमेकांत सहज मिसळतात. तेल रबरात शिरते, साखळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलते, जाळे फुगते आणि त्याचे बळ जाते. पाण्याचा स्वभाव वेगळा असल्याने ते या जाळ्यात तसे शिरत नाही.

७/
पाण्यात विरघळणारे वंगण उपलब्ध नव्हते असे नाही. १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘व्हॅन हॉर्न अँड सॉटेल’ या कंपनीने ‘के-वाय जेली’ आणली. मात्र ती होती शल्यचिकित्सकांसाठी : नळ्या आणि उपकरणे शरीरात घालताना इजा होऊ नये म्हणून. डॉक्टरांच्या हातात हीच वस्तू प्रतिष्ठित होती. शयनगृहासाठी तिचे नाव घेणे मात्र शिष्टाचारात बसत नव्हते.

८/
आता सिलिकॉनकडे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग हे रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकॉन मूलद्रव्याची सेंद्रिय संयुगे बनवत होते. ‘सिलिकोन’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. (मूलद्रव्य ते सिलिकॉन आणि त्यापासूनचे हे संयुग सिलिकोन, मराठी बोलण्यात मात्र दोहोंना सिलिकॉनच म्हटले जाते.) त्यांच्या प्रयोगांत वारंवार तेलकट, गोंदासारखे अवशेष उरत. किपिंग यांच्या दृष्टीने ती अडगळ होती. १९३६ च्या एका मानाच्या व्याख्यानात त्यांनी या शाखेच्या भवितव्याबद्दल फारशी आशा नसल्याचे सांगितले.

९/
अडगळीचे सोने अमेरिकेत झाले. कॉर्निंग ग्लास वर्क्समध्ये जे. फ्रँकलिन हाइड यांनी या पदार्थांचा औद्योगिक उपयोग ओळखला. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोकॉ यांना ते मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा सोपा मार्ग सापडला. १९४३ मध्ये ‘डाऊ कॉर्निंग’ ही कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेत उंचावर ओलावा शिरू नये म्हणून सिलिकॉनचे ग्रीस वापरले गेले. प्रेमाशी पुढे जोडल्या गेलेल्या या द्रवाची पहिली मोठी नोकरी युद्धातली होती.

१०/
युद्धानंतर हा पदार्थ रुग्णालयात शिरला. इंजेक्शनची सुई कमी बोचावी आणि सिरिंजचा दट्ट्या सहज सरकावा म्हणून सिलिकॉनचा लेप वापरात आला. पोटातील वायूवरच्या गोळ्यांमध्ये असणारे ‘सिमेथिकोन’ याच कुळातले. शरीराशी फारशी प्रतिक्रिया न करणारा, न वाळणारा, गुळगुळीत पदार्थ अशी त्याची ख्याती झाली.

११/
त्याच्या घसरटपणाचे रहस्य रचनेत आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आलटून पालटून जोडलेला लवचीक कणा आणि त्याभोवती मिथाइल गटांचे आवरण. शेजारच्या साखळ्यांशी ही आवरणे फारच हलकी ओढ ठेवतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात. मोठे रेणू त्वचेत मुरत नाहीत, पाण्यासारखे उडूनही जात नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खनिज तेलाप्रमाणे ते लेटेक्सला दुबळे करत नाहीत.

१२/
म्हणूनच कंडोम बनवणाऱ्यांनी सिलिकॉन तेलाची निवड केली. भारत सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आणला, तेव्हा तीन नगांचे पाकीट १५ पैशांना मिळे. आज भारतात विकल्या जाणाऱ्या ल्युब्रिकेटेड कंडोमच्या पाकिटावर बारीक अक्षरांत पाहिले, तर बहुधा सिलिकॉन तेलाचाच उल्लेख सापडतो. म्हणजे ज्यांनी सिलिकॉन ल्युब्रिकंटचे नावही ऐकलेले नाही, त्यांच्याही हातून ते गेलेले असते.

१३/
उत्पादकांना कोणते तेल चालते हे ठाऊक होते. वापरणाऱ्याला मात्र ते कोणी सांगितले नव्हते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग खात्याच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. पुढे या आजाराला एड्स हे नाव मिळाले. लस नव्हती, औषध नव्हते. संरक्षण होते ते कंडोमचे. आणि असंख्य लोक त्याच कंडोमवर व्हॅसलीन, हाताला लावायचे लोशन किंवा आपल्या डालड्यासारखे वनस्पती तूप लावत होते.

१४/
ब्रूस व्होलर हे जीवशास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील समलिंगी हक्क चळवळीतील अग्रणी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कंडोमवर निरनिराळे पदार्थ लावून त्यांत हवा भरण्याची प्रमाणित चाचणी केली. १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : खनिज तेलाच्या केवळ ६० सेकंदांच्या संपर्काने कंडोमचे बळ सुमारे ९० टक्क्यांनी घटले. खनिज तेल नसलेल्या, पाण्यावर आधारित वंगणांनी तसे काही झाले नाही.

१५/
साठ सेकंद. डोळ्यांना काहीही दिसत नाही. आवरण आहे तसेच वाटते आणि भरवसा कायम राहतो. तेलाने लेटेक्स बिघडते हे पूर्वीही माहीत होते, पण त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही, हेही त्याच शोधनिबंधाने नोंदवले. व्होलर स्वतः १९९४ मध्ये एड्सशी संबंधित आजाराने निवर्तले.

१६/
माहिती आहे, पण बोलायचे नाही : ही स्थिती महाराष्ट्राला अपरिचित नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. खटला हरला, दंड झाला. पण शरीराविषयीचा प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका न्यायालयात उभी राहिली.

१७/
पाण्यावर आधारित वंगणांची कथाही सरळ नाही. काहींत ‘नॉनॉक्सिनॉल-९’ हे शुक्रजंतुनाशक घातले जाई. ते एचआयव्हीलाही मारेल अशी आशा होती. आफ्रिका आणि थायलंडमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये झालेल्या चाचणीचे निकाल २००० मध्ये समोर आले आणि ते उलटे निघाले. वारंवार वापराने नाजूक अस्तराला इजा होऊन धोका वाढत होता. संरक्षण म्हणून दिलेली वस्तूच दार उघडत होती.

१८/
दुसरा प्रश्न ग्लिसरिनसारख्या घटकांचा. ते जास्त असले की वंगण पेशींतील पाणी ओढून घेते. मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटते, तसे. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि एफएचआय ३६० यांनी मार्गदर्शक टिपण काढले. वंगणाची ही ओढ, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, शक्यतो ३८० पर्यंत असावी आणि व्यवहारात १२०० च्या पुढे जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. निव्वळ सिलिकॉनच्या वंगणात पाणीच नसते, त्यामुळे हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

१९/
या इतिहासातून निवडीचे नियम आपोआप निघतात. लेटेक्सचा कंडोम असेल तर खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, लोशन, तूप यांपैकी काहीही नको. पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचे वंगण चालते. सिलिकॉन वाळत नाही, पाण्यात धुऊन जात नाही, थेंबभरही पुष्कळ पुरते. बाटलीवर डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल अशी नावे दिसली की ओळख पटते. सुगंध, उष्णतेचा भास देणारे घटक आणि नॉनॉक्सिनॉल-९ नसलेले निवडणे शहाणपणाचे.

२०/
सिलिकॉनच्या मर्यादाही आहेत. ते पाण्याने जात नाही, साबण लागतो. चादरीवर डाग राहतो. फरशीवर सांडले तर पाय घसरतो. आणि गंमत अशी की रबराशी जुळवून घेणारा हा द्रव आपल्याच कुळातील घन वस्तूंशी भांडतो : सिलिकॉनच्या बनलेल्या साधनांचा पृष्ठभाग तो बिघडवू शकतो. तेथे पाण्यावर आधारित वंगणच योग्य. शिवाय पातळपणासाठी वापरली जाणारी काही वलयाकार सिलिकॉन संयुगे निसर्गात दीर्घकाळ टिकतात. धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यांतील दोन संयुगांवर युरोपीय संघाने २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे.

२१/
हे सारे कोणासाठी? बाळंतपणानंतर आणि स्तनपानाच्या काळात, रजोनिवृत्तीनंतर, कर्करोगाच्या काही उपचारांत शरीराचा नैसर्गिक ओलावा घटतो. कित्येक स्त्रिया ती वेदना ‘असायचेच’ म्हणून सोसतात. ती सोसण्याची गोष्ट नाही. वंगणाने आराम पडतो, आणि दुखणे टिकून राहिले तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी भारताच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने कंडोमबरोबर वंगणाची पाकिटेही दिली. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कायदा ज्या नात्याला गुन्हा म्हणत होता, त्याच नात्याच्या संरक्षणाची गरज आरोग्य खात्याने त्याआधीच ओळखली होती.

२२/
किपिंग यांची अडगळ आज औषधाच्या दुकानातील फळीवर आहे. तिथवरचा रस्ता प्रयोगशाळेने पुष्कळसा सोपा केला होता. अवघड होता तो फळीपासून गिऱ्हाइकाच्या प्रश्नापर्यंतचा शेवटचा टप्पा. रबरबँड तेलाने सैल पडते हे सर्वांना ठाऊक असते. तेवढेच वाक्य योग्य वेळी, योग्य ठिकाणी, न लाजता उच्चारले जाणे हीदेखील इतिहासातील घटनाच असते.

(थ्रेड समाप्त)